पाचवी आज्ञा आणि पोलिसाची गोळी

‘चकमकीत गुंड ठार’ ही बातमी आली की, उमेळ्याच्या नाक्यावर आपणही ‘बरे झाले’ म्हणतो. पाचवी आज्ञा मनुष्यहत्येला मनाई करते. मग पोलिसाने गोळी झाडणे पाप आहे का?

ख्रिस्तसभेची शिकवण (धर्मशिक्षण ग्रंथ, क्र. 2263 ते 2265) अशी : ज्यांच्यावर इतरांची जबाबदारी आहे, त्यांनी हल्लेखोराला रोखणे हे कर्तव्यच आहे. मात्र बळ गरजेपुरतेच वापरावे. हेतू जीव वाचविण्याचा असावा, सूड घेण्याचा नसावा.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर गोळ्या झाडणारा एक अतिरेकी पोलिसांच्या गोळीने मेला. तेथे दुसरा मार्ग नव्हता. कसाबला मात्र तुकाराम ओंबळे यांनी स्वतःचा प्राण देऊन जिवंत पकडून दिले. त्याचा न्याय न्यायालयाने केला.

याउलट 2006 साली लखनभैयाला वाशीतून उचलून ठार करण्यात आले. 2024 साली मुंबई उच्च न्यायालयाने ती चकमक बनावट ठरवून पोलिसांची जन्मठेप कायम केली. हाती सापडलेल्याला मारणे ही हत्याच.

म्हणून ‘बरे झाले’ म्हणण्यापूर्वी आपण विचारू या : कोणाचा जीव त्या क्षणी धोक्यात होता का? दुसरा उपाय होता का? आणि कर्तव्यावरील पोलिसांसाठी प्रार्थना करू या.