कुंभारीची मार्कशीट परदेशी टेबलावर

नोकरीचा अर्ज म्युनिकला धाडायचा असो, लंडनला किंवा टोरांटोला, मार्कशीट तुमची तीच राहणार. ती वाचणाऱ्याला मात्र आपली गुणपद्धत ठाऊक नसते. चला, त्याला पहिल्या नजरेत कळेल अशी ती मांडू. उदाहरणाला कुंभारीहून रोज सोलापूरला जाऊन-येऊन इंजिनिअर झालेली एक मुलगी धरू, सीजीपीए ८.२. तुमचा आकडा वेगळा असेल, पायऱ्या याच.

१. जागा मोकळी करा. टेबल नसेल तर जमिनीवर चटई अंथरा. शेंगाचटणीचा डबा आधी उचला! तेलाचा एक ठिपका मार्कशीटवर पडला की तो प्रत्येक स्कॅनमध्ये दिसत राहतो.

२. सगळ्या मार्कशीट सत्राप्रमाणे लावा, पहिल्यापासून आठव्यापर्यंत. एटीकेटी लागलेल्या सत्राचीही ठेवा. मधली एक गायब दिसली की समोरचा माणूस नेमकी तीच मागतो. आणि लॅमिनेशन केलं नसेल तर करू नका. शिक्का मारायला कागद उघडा लागतो.

३. पासपोर्ट शेजारी ठेवून नावाचं अक्षर न्‌ अक्षर जुळवा. इथे घाई नको, सगळ्यात जास्त गाड्या इथेच अडतात. आपल्याकडे मार्कशीटवर बहुधा आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं; कधी पुढे आईचंही. परदेशातला माणूस शेवटचा शब्द आडनाव समजतो. म्हणजे वडिलांचं किंवा आईचं नाव तुमचं आडनाव होऊन बसतं आणि पदवी भलत्याच कुणाची तरी वाटू लागते. म्हणून अर्जात आणि रेझ्युमेवर नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा. स्पेलिंगमध्येच फरक असेल तर दुरुस्तीचा अर्ज आजच करा. ऑफर हातात आल्यावर तेवढी सवड मिळत नाही.

४. मार्कशीट उलटी करा आणि मागचा तक्ता वाचा. तुम्हाला दोन आकडे हवेत: सर्वांत वरचा गुण किती आणि पास व्हायला किती लागतात. आपल्या उदाहरणात वर १० आणि पासला ४. दोन्ही वहीत लिहा. तक्ता नसेल तर परीक्षा विभागातून लेखी घ्या, मित्राच्या आठवणीवर विसंबू नका.

५. ट्रान्सस्क्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या अधिकृत एकत्रित पत्रकासाठी, अर्ज करा. सोलापूर विद्यापीठाचे विद्यार्थी असाल तर परीक्षा विभाग केगावला आहे. कुंभारी अक्कलकोट रस्त्यावर, केगाव पुणे रस्त्यावर, म्हणजे अख्खं शहर ओलांडून जायचं. निघण्यापूर्वी कागदांची यादी विचारून घ्या, नाहीतर एका झेरॉक्सपायी दुसरी फेरी पडेल. कॉलेज स्वायत्त असेल तर आधी कॉलेजात चौकशी करा. पाकीट सीलबंद मिळालं तर फोडू नका. बऱ्याच ठिकाणी फोडलेलं पाकीट चालत नाही. स्वतःसाठी वेगळी प्रत मागा.

६. सगळे कागद रंगीत स्कॅन करा, मार्कशीटची मागची बाजूही. मोबाइलवर तिरका काढलेला फोटो नको. कडा कापल्या गेल्या की शिक्का अर्धा दिसतो.

७. सगळ्यांची मिळून एकच पीडीएफ करा: आधी पदवी प्रमाणपत्र, मग ट्रान्सस्क्रिप्ट, मग मार्कशीट. फाइलला आपलं नाव द्या. ‘स्कॅन शून्य शून्य सात’ नावाची फाइल शंभर अर्जांत हरवते.

८. आता रेझ्युमेवरची ओळ लिहा: ‘सीजीपीए ८.२, कमाल १०, उत्तीर्ण ४’. इंग्रजीत लिहाल, पण तिन्ही आकडे एकाच ओळीत हवेत. नुसतं ८.२ कधीच लिहू नका. जर्मनीत १.० सर्वांत उत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मोजमाप ४ पर्यंतच. दोन्हीकडे एकट्या ८.२ चा अर्थ लागत नाही.

सीजीपीएची टक्केवारी करायला ९.५ ने गुणायचा मोह होईल. ते सूत्र सीबीएसईच्या दहावीचं होतं, तुमच्या पदवीचं नाही. विद्यापीठाने स्वतःचं सूत्र दिलं असेल तर तेच वापरा, नसेल तर टक्के लिहूच नका.

९. ‘फर्स्ट क्लास’ लिहिणार असाल तर शेजारी त्याची मर्यादा लिहा. आपल्याकडे तो साधारण ६० टक्क्यांना मिळतो, ब्रिटनमध्ये ‘फर्स्ट’ ७० पासून पुढे. मर्यादा न लिहिता दिलात तर तिथला माणूस जास्त समजेल, आणि कागद तपासताना तुम्हीच खोटे ठराल. तुमच्या मेहनतीवर असा डाग कशाला? उलट, अमेरिकेत ६५ टक्के फार कमी वाटतात. तिथे टक्क्यांशेजारी श्रेणी लिहिली नाही तर तुमचंच नुकसान.

१०. जर्मनीसाठी रूपांतर करून बघा. तिथली विद्यापीठं प्रवेशासाठी बव्हेरियन सूत्र वापरतात, ते सोपं आहे. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा: १० वजा ८.२, उरले १.८. कमालमधून पासचे वजा करा: १० वजा ४, उरले ६. पहिल्याला दुसऱ्याने भागा, ०.३. त्याला ३ ने गुणा, ०.९. त्यात १ मिळवा. आले १.९. आपली मुलगी तिथे ‘चांगली’ या श्रेणीत बसते! हा आकडा मूळ ८.२ च्या मागे लिहा, त्याच्या जागी नव्हे, आणि ‘स्वतः केलेले अंदाजे रूपांतर’ असं स्पष्ट म्हणा. अमेरिकेसाठी मात्र २.५ ने भागून ४ पैकी गुण काढू नका. तिथल्या मूल्यांकन संस्था विषयागणिक मोजतात, त्यांचं उत्तर वेगळं येतं.

११. कंपनीला विचारा: अधिकृत मूल्यांकन हवं आहे का, आणि कुणाचं? हे विचारल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. खासगी कंपन्या कित्येकदा मागतच नाहीत.

१२. मागितलं तरच अर्ज करा. जर्मनीत हे काम झॅब ही सरकारी संस्था करते, ब्रिटनमध्ये एक्टिस, अमेरिका-कॅनडासाठी वेस. वेसचा फॉर्म भरताना जीपीए हवा असेल तर ‘कोर्स बाय कोर्स’ अहवाल निवडा. स्वस्तातल्या अहवालात पदवीची बरोबरी मिळते, जीपीए मिळत नाही. जर्मनीसाठी पैसे भरण्याआधी ‘अनाबिन’ या मोफत यादीत विद्यापीठाचं नाव शोधा. नावापुढे ‘एच प्लस’ (म्हणजे मान्यताप्राप्त) दिसलं की त्या पानाची प्रिंट काढून ठेवा.

१३. पीडीएफ केव्हा जोडायची ते देशावर ठरवा. जर्मनीत अर्जासोबतच प्रमाणपत्रं जोडतात. ब्रिटन-अमेरिकेत आधी फक्त रेझ्युमे, मागितल्यावर बाकीचं.

१४. मुलाखतीसाठी एक उत्तर मोठ्याने म्हणून बघा: ‘आमच्याकडे दहापैकी गुण देतात, चारला पास, मला आठ पूर्णांक दोन.’ आईला समोर बसवा. दिवसभर राबून ती दमली असली तरी हे ऐकायला ती आनंदाने बसेल. ‘फक्त आठ’, ‘आठच’ असं तोंडून निघालं तर थांबा आणि पुन्हा म्हणा. एटीकेटीबद्दल विचारलं तर विषय आणि तो सोडवलेलं सत्र सांगा. लपवायला जाऊ नका, ट्रान्सस्क्रिप्टवर ते दिसणारच आहे.

१५. निघताना मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेवा, विमानात खाली जाणाऱ्या सामानात नाही. झेरॉक्सचा एक पूर्ण संच घरी कपाटात ठेवा आणि कोणत्या कप्प्यात ठेवलाय ते धाकट्या भावंडाला दाखवा. तिथून फोन केलात की फोटो काढून पाठवायचं काम त्यालाच करायचं आहे.