सायकल हलण्याआधी पैसे जमा

थंडी पडू लागली की कुणी ना कुणी दारात येतंच. "पुणे ते गोवा सायकलवर जायचं ठरतंय, दिव्यांग मुलांसाठी निधी उभा करायचाय, तुम्ही हिशेब बघाल का?" मी सायकल चालवत नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर अशा मोहिमांची वही आणि मागच्या टेम्पोतली ड्रायव्हरशेजारची जागा माझ्याकडे आली. हो म्हणण्याआधी मी एक अट घालते: पहिली सायकल हलण्याआधी देणगीचा सगळा पैसा त्या मुलांच्या शाळेच्या खात्यात जमा झालेला हवा. बरेच जण चमकतात. आधी पराक्रम, मग पैसे, असंच सगळ्यांच्या डोक्यात असतं.

या अटीला कारण आहे. एका वर्षी देणगीदारांकडून 'किलोमीटरमागे दहा रुपये' असा शब्द घेतला होता. कराड सोडलं आणि गटातल्या पन्नाशीच्या एका काकांच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. सकाळपासून ते बाटल्यांमागून बाटल्या पाणी पीत होते, पण नुसतंच पाणी. मीठ-साखर नाही, ओआरएस नाही. थोड्या वेळाने त्यांचं बोलणंही अडखळू लागलं. टेम्पोत बसा म्हटलं तर म्हणाले, "ताई, इथे थांबलो तर पोरांचे पैसे बुडतील." शेवटी आमच्यातल्या डॉक्टर मुलीने त्यांची सायकलच उचलून टपावर चढवली, तेव्हा ते खाली मान घालून आत आले. दवाखान्यात कळलं, रक्तातलं सोडियम घसरलं होतं. आणखी तासभर पॅडल मारलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार नको वाटतो.

किलोमीटरला पैसे बांधले की दमलेला माणूस थांबत नाही, हे तेव्हा कळलं. शिवाय बोललेले पैसे नंतर वसूल करणं म्हणजे काय, ते वही धरणाऱ्यालाच ठाऊक. मोहीम संपली की लोकांचा उत्साह ओसरतो आणि "पाठवतो ना, ताई" हे संक्रांतीपर्यंत चालतं. म्हणून पैसे आधी घ्या, आणि सरसकट घ्या. कुणी निम्म्या वाटेवर टेम्पोत बसला तरी देणगीत एक रुपया कमी होता कामा नये.

पैसे कुणाच्या खात्यात घ्यायचे यावर वाद घालू नका. नोंदणीकृत संस्थेच्याच खात्यात घ्या. ग्रुपमधल्या उत्साही मंडळींचा क्यूआर कोड फिरवणं सोपं असतं, पण नोंदणी नसलेल्या गटाने लोकांकडून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच, कलम ४१ क ची. देणगीवर आयकरात सवलत हवी असेल तर पावती संस्थेचीच लागते, आणि २००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. परदेशातल्या नातेवाइकांचंही आधी विचारून घ्या. भाच्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर त्याची देणगी परदेशी ठरते, आणि एफसीआरए नोंदणी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. भारतीय पासपोर्टवर तिकडे नोकरी करणाऱ्या भाचीच्या पगारातली देणगी मात्र चालते. टी-शर्ट, लॉज, डिझेल, जेवण हा खर्च सायकलवाल्यांनी आपल्या खिशातून करायचा आणि वेगळ्या वहीत लिहायचा. देणगीदाराला या दोन वह्या कधीही दाखवता आल्या पाहिजेत.

आता व्हीलचेअर. प्रत्येक गटाला व्हीलचेअरच द्यायच्या असतात, कारण फोटोत त्या चांगल्या दिसतात. मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापिका बाईंनी मला मागची खोली उघडून दाखवली. देणगीतून आलेल्या व्हीलचेअर तिथे घडी घालून, प्लॅस्टिकसुद्धा न काढता एकीवर एक रचलेल्या होत्या. सगळ्यांची बैठक मोठ्या माणसाची, १८ इंची. सहा वर्षांचं मूल तीत बसवलं की एका बाजूला कलंडतं, पाय लोंबकळतात, मान पडते. त्याला मापाची, दोन्ही बाजूंनी आधार देणारी खुर्ची लागते, आणि मूल वाढलं की तीही बदलावी लागते. पायाच्या स्प्लिंटचंही तेच. बाईंना खरं तर फिजिओथेरपिस्टच्या वर्षभराच्या पगाराची सोय हवी होती. फीत कापून पगार देता येत नाही, म्हणून तो कुणी देत नव्हतं.

रस्त्याचं थोडक्यात सांगते. निघायचं डिसेंबर-जानेवारीत; पावसाळ्यात आंबोलीचं धुकं आणि निसरडा उतार नको. पण नेमका तोच उसाचा हंगाम. कराड-कोल्हापूर पट्ट्यात भल्या पहाटे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर भेटतात, मागे लाल दिवा असेलच असं नाही. म्हणून उजाडल्याशिवाय सायकल रस्त्यावर आणायची नाही. टेम्पो सगळ्यात हळू चालवणाऱ्याच्या मागे राहील, पुढच्यांच्या व्हिडिओसाठी पळणार नाही. आंबोलीच्या उतारावर शर्यत लावणाऱ्याला सावंतवाडीत निरोप द्यायचा. मी दिलेला आहे.

आणि मुलांना स्वागताला उभं करू नका. सायकली वेळेवर पोचत नाहीत. एका ठिकाणी मुलं दोन तास उन्हात झेंडे धरून बसली होती. कुणाची फिटची गोळी चुकली, कुणाला बाथरूमला न्यायला माणूस नव्हता, आणि निवेदक माइकवरून सायकलवाल्यांच्या जिद्दीचं कौतुक करत होता. भेटायचंच असेल तर चार-पाच जणांनी शाळेच्या वेळेत, बाईंना विचारून जावं. पालकांनी लेखी होकार दिल्याशिवाय फोटो काढू नये.

यंदा निघणार असाल तर मार्गाचा नकाशा नंतर काढा. आधी शाळेत जा, फिजिओथेरपिस्टचा पगार किती आणि तो कुठल्या महिन्यापासून थकलाय ते विचारा, आणि तेवढा आकडा जमवूनच तारीख ठरवा.