लंघन कोणाला मानवत नाही

ताप आला की मुलाचे अन्न तोडावे, पोटाला विश्रांती द्यावी, ही आपल्याकडील जुनी समजूत निरोगी मुलाच्या बाबतीत एखादा दिवस निभावून जाते. परंतु ज्याच्या पेशींतील तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, जन्मतःच दुबळ्या आहेत त्याच्या बाबतीत तिच्याइतकी घातक समजूत दुसरी नाही, हे आहाराविषयी विचारणा करणाऱ्या पारशिवनीच्या पालकांना प्रथमच निक्षून सांगतो.

अन्नापासून शक्ती निर्माण करण्याचे मुख्य कार्य या कणिकांचे. उपाशीपोटी शरीर चरबीवर भागवू पाहते. पण चरबी जाळण्याचा कारभारही त्यांच्याकडेच असल्यामुळे रक्तातील साखर उतरते, लॅक्टिक आम्ल साचते, मूल मलूल होते, क्वचित आकडी येते. म्हणून दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खाणे आणि निजण्यापूर्वी काही पोटात जाणे, यात हयगय नको. धानाच्या या मुलुखात मऊ भात व वरण घरोघरी असतेच. गिळताना ठसका लागत असेल तर पातळ पेजेपेक्षा दाटसर खिमट बरी. हौसेने धरलेला श्रावणी सोमवारही या मुलांना वर्ज्य. (देव रागावणार नाही, आजीची समजूत मात्र घालावी लागेल.)

तुपाचा प्रश्न नाजूक आहे. पायरुव्हेट डिहायड्रोजनेजच्या कमतरतेत भरपूर स्निग्ध व अत्यल्प पिष्टमय असा कीटोजेनिक आहार हाच उपचार ठरतो, तर नावाने जवळच्या पायरुव्हेट कार्बोक्झिलेजच्या कमतरतेत तोच आहार जिवावर बेततो. यास्तव जनुकीय तपासणीने नेमके निदान होण्यापूर्वी मोबाइलवर पाहिलेला तक्ता स्वयंपाकघरात आणू नये. त्या निदानासाठी २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणान्वये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात उत्कृष्टता केंद्र आहे. को-एन्झाइम क्यू-१०, थायमिन, रायबोफ्लेविन यांचा काही विशिष्ट प्रकारांत खराच गुण येतो. सरसकट सर्वांना नव्हे.

उलट्या सुरू होऊन अन्न टिकेनासे झाले तर सकाळपर्यंत वाट पाहू नये. कोणते सलाइन द्यावे, ग्लुकोज किती, आकडीवरचे व्हॅल्प्रोएट हे औषध टाळावे की कसे, हे प्रत्येक मुलागणिक बदलते. तेव्हा तज्ज्ञांकडून तसे सहीशिक्क्याचे पत्र आधीच करून घ्यावे, आणि रात्री-अपरात्री नागपूर गाठण्याआधी तालुक्याच्या रुग्णालयात ते दाखवावे. एक प्रत मुख्याध्यापकांकडेही द्यावी, म्हणजे मधल्या सुट्टीपूर्वी डबा उघडला म्हणून मुलाला कोणी बाकावर उभे करणार नाही.