टेकडीवरची पहिली झाडे

पुण्याच्या वेताळ टेकडीवर फेब्रुवारी-मार्चमध्ये फिकट गुलाबी फुलांनी डवरलेली झाडे तुम्ही पाहिली असतील. ती गिरिपुष्पाची; मूळची मध्य अमेरिकेतली. उथळ, निकस मातीत ती तगतात कशी? त्यांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जीवाणू राहतात. ते हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. पाने गळून कुजली की तो मातीत मिसळतो. ओसाड जागी प्रथम तग धरणाऱ्या अशा झाडांना अग्रगामी वृक्ष म्हणतात.

युरोपातील एर्झ पर्वतावर १९७० व १९८०च्या दशकांत कोळशाच्या धुरातील गंधकवायूने व आम्लपर्जन्याने स्प्रूसची वने वाळली. मातीतील कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन गेले. तेथे चुनखडीची पूड टाकली, बर्च व रोवन हे अग्रगामी वृक्ष लावले. त्यांच्या आडोशाने पुढे कायमचे वन उभे राहावे, हा हेतू.

आपल्या टेकड्यांवर प्रश्न आम्लाचा नाही. तत्त्व मात्र तेच. परंतु गिरिपुष्प दाट माजले, तर त्याच्या सावलीत गवत व देशी रोपे खुरटतात. म्हणून ते वेळीच विरळ करून सालई, मेढशिंगी यांना जागा दिली पाहिजे.

भुईमूगही गिरिपुष्पाच्याच कुळातला. त्याच्या मुळावरची गाठ कापून पाहा. आत गुलाबी दिसली, तर जीवाणूंचे काम चालू आहे असे समजा!