आधी लस, मग जेजुरी

आमच्या आळीत एक तरुण जोडपे राहते. दोघेही शेतात राबतात. त्यांची मुलगी नुकतीच ९ महिन्यांची झाली. बुधवारी तिघांनी जेजुरीला जायचे ठरले. एस.टी.च्या तिकिटाचे पैसे बाजूला ठेवले. भाकरी-चटणीचा बेत झाला.

मंगळवारी रात्री बाई आमच्या वर्गातून घरी गेली. तिने पेटीतून मुलीच्या लसीचे कार्ड काढले. अक्षरे लावून पाहू, म्हणून ती वाचू लागली. गो-व-र. पुढे तारीख होती. ती उद्याचीच!

"अहो, उद्या पोरीला टोचायला न्यायचंय. जेजुरी रविवारी करू."

"तुला कुणी सांगितलं?"

"या कार्डानं!"

नवरा हसला. त्याने तिला ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

बुधवारी मुलीला गोवर-रुबेलाची लस मिळाली. सरकारी दवाखान्यात ही लस फुकट असते. गोवर म्हणजे साधे पुरळ नव्हे. त्यातून न्यूमोनिया होतो. कधी डोळे जातात, कधी जीवही जातो. पहिली लस ९ महिने पुरे झाल्यावर देतात. दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या आत देतात. दोन्ही घ्याव्यात.

रविवारी तिघे जेजुरीला गेली. स्टँडवर गाडीची पाटी बाईनेच वाचली. गडावर मुलीच्या कपाळी भंडारा लावला.

आम्ही फक्त अक्षरे शिकवली. ती कामाला लावली तिने.

प्रश्न : तुमच्या मुलाचे कार्ड घरात कुठे आहे? आज काढा. पुढची तारीख मोठ्याने वाचा.