इंजिन उतरवताना शरीर सांभाळा

आरोग्याच्या सदरात मोटारीच्या इंजिनाचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पण आपल्याकडे जुनी जीप किंवा मारुती घरामागच्या शेडमध्येच उघडणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. क्लच प्लेट बदलायची असो की इंजिनाला रिंगा टाकायच्या असोत, रविवारी दोन मित्रांना बोलावायचे आणि इंजिन खाली उतरवायचे. त्यांपैकी काही जण सोमवारी माझ्या दवाखान्यात येतात. कोणाचे बोट चिरडलेले असते, कोणाची कंबर धरलेली असते. गाडी दुरुस्त करू नका, असे मी सांगणार नाही, कारण ते कोणी ऐकत नाही. निदान कसे करावे, ते सांगतो.

प्रथम वजनाचा विचार करा. जीपचे डिझेल इंजिन गिअरबॉक्ससह दोन क्विंटलच्या पुढे जाते, म्हणजे पन्नास किलोच्या चार पोत्यांपेक्षा जास्त. लहान मारुतीचे इंजिन हलके असले, तरी बांबूला बांधून दोघांनी उचलण्याजोगे नव्हे. वाकून आणि कमरेतून वळून असे ओझे उचलले की मणक्यांमधली चकती सरकते, आणि ती कळ पुढे वर्षानुवर्षे पुरते.

काम थंड इंजिनावरच सुरू करावे. गरम रेडिएटरमधले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्याही वर तापलेले असते. झाकण उघडताच ते उसळून थेट तोंडावर येते. हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये अंगठी सापडली तर ती क्षणात लाल होते. अंगठी बोल्टमध्ये अडकून हात घसरला तर बोटाची कातडी मोजा काढावा तशी निघून येते. बॅटरी सोडवताना आधी अर्थची म्हणजे निगेटिव्ह तार काढावी, म्हणजे पाना गाडीच्या पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही.

पेट्रोल नळीने तोंडाने ओढण्याची सवय मात्र कायमची सोडा. घोटभर पेट्रोल पोटात जाण्यापेक्षा थेंबभर फुप्फुसात जाणे अधिक वाईट. असे झालेल्या माणसाला मीठपाणी पाजून उलटी करवू नका, कारण उलटीबरोबर तेच पेट्रोल श्वासनलिकेत उतरते. खोकला किंवा धाप लागली तर सरळ रुग्णालय गाठा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत आणि दुरुस्तीच्या खड्ड्यात साठते. तिथे विडी तर नकोच, उघडा बल्बही नको. तो पडून फुटला तर तेवढेच आग लागायला पुरते.

गाडी उचलण्यासाठी जॅक वापरावा, पण पेलून धरण्यासाठी लोखंडी घोड्या हव्यात. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे न सांगता फुटतात. जमिनीवर टेकलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. इंजिन बाहेर निघाले की गाडीचा पुढचा भाग हलका होतो, तोल मागे जातो आणि घोडीवर नीट बसलेली गाडीही हलू शकते. त्या वेळी गाडीखाली कोणी असता कामा नये.

चेनपुली कशाला टांगता, ते पाहा. पत्र्याच्या शेडचा अँगल पत्रे पेलण्यासाठी असतो, इंजिन पेलण्यासाठी नव्हे. आंब्याच्या फांदीचा भरवसा तर मुळीच धरू नये. इंजिनाला दोन ठिकाणी साखळी बांधताना त्या फार फाकू देऊ नका. दोन साखळ्यांमधला कोन १२० अंशांचा झाला की प्रत्येकीवर निम्म्याऐवजी पूर्ण वजनाइतका ताण येतो. इंजिन फाउंडेशनवरून बोटभर उचलून थोडे थांबा. एखादी वायर, पाइप किंवा बोल्ट राहिला असेल तर तो तिथेच कळतो. अडकले म्हणून टॉमीने हिसका देऊ नका. सुटलेले इंजिन झोका घेते आणि बॉनेटजवळचा हात त्यात सापडतो. पुली ओढायला कोणी एकाने सांगावे, इतरांनी गप्प राहावे.

नुसता गिअरबॉक्स खालून काढताना माणूस पाठीवर झोपतो आणि तो छातीवर झेलतो. ही पद्धत मी अनेक ठिकाणी ऐकली आहे आणि तिच्याइतकी मूर्ख पद्धत दुसरी नाही. बरगडी मोडून तिचे टोक फुप्फुसात घुसू शकते. गिअरबॉक्सखाली जॅक लावून फळीवर तो हळूहळू उतरवता येतो. तसेच आधी इंजिनाच्या मागच्या बाजूला टेकू द्या, नाहीतर गिअरबॉक्स सुटताच इंजिन मागे कलते.

इतके करूनही अपघात झालाच तर माणसाला ओढून काढू नका, वजन जॅकने उचला आणि १०८ ला फोन करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. हळद किंवा ग्रीस भरू नका. बोट तुटून पडले असेल तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात ठेवले तर पेशी मरतात, आणि जोडण्याची आशा संपते. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नका.

मांडी किंवा पाय बराच वेळ दबून राहिला असेल, तर तो किती वेळ दबला होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. १९४१ साली लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्यातून जिवंत काढलेली काही माणसे पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंडे बंद पडून दगावली. बायवॉटर्स या डॉक्टरांनी त्याची नोंद केली. चिरडलेल्या स्नायूंतली द्रव्ये रक्तात मिसळतात आणि मूत्रपिंडांवर घाला घालतात. अशा रोग्याला वरून जखम दिसत नाही, तो चहासुद्धा मागतो. लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नका.

रेडिएटरमधून काढलेले कूलंट परातीत उघडे ठेवू नका. ते चवीला गोड असते, पण विषारी असते, आणि शेडमध्ये लहान मुले व कुत्री फिरत असतात.