समुद्राचा पृष्ठदाब आणि गणिताची चिकाटी

आपले ग्वाल्हेर समुद्रापासून शेकडो मैल दूर आहे. तथापि तिघरा जलाशय भरणारा पाऊस समुद्रावरूनच येतो. यास्तव पावसाचे भाकीत करू पाहणाऱ्यास समुद्राचेही गणित मांडावे लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत वातावरण व समुद्र यांचे गणित संगणकावर एकत्र सोडविले जाते. अशा गणितातील एक अवघड गाठ येथे पाहू.

समुद्राचे चौकटींत विभाजन करून प्रत्येक चौकटीतील प्रवाह, तापमान व क्षारता ठरावीक कालांतराने काढीत जातात. प्रवाहाचा वेग बहुधा सेकंदास १ मीटरहून कमी असतो. परंतु ४,००० मीटर खोल समुद्रात पृष्ठभागाची दीर्घ लाट सेकंदास सुमारे २०० मीटर धावते. १०० किलोमीटरची चौकट ती ५०० सेकंदांत ओलांडते. साध्या रीतीत कालांतर याहून फार मोठे घेतल्यास गणित कोलमडते.

कर्क ब्रायन यांनी १९६९ साली समुद्रावर अचल झाकण कल्पून ही लाट वगळली. पण त्या रीतीत प्रत्येक बेटाकरिता निराळे समीकरण लागे. पुढे ड्यूकोविच व स्मिथ यांनी १९९४ साली झाकण काढून पृष्ठदाब हीच अज्ञात राशी धरली व तो पुढील क्षणाच्या समीकरणांतून काढला. त्यामुळे मोठे कालांतर चालू लागले आणि बेटांची अडचणही टळली. पातळी १ सेंटीमीटर चढली, तर हा दाब सुमारे १०० पास्कलने वाढतो.

मात्र प्रत्येक चौकटीचा दाब शेजारच्या चौकटींवर अवलंबून असल्याने सहस्रावधी समीकरणे एकदम सोडवावी लागतात. एक सोपे उदाहरण घेऊ. एका ओळीत चार स्थाने आहेत. टोकांचे दाब ० व ९ असून मधले प्रत्येक मूल्य शेजाऱ्यांच्या सरासरीइतके आहे. प्रथम दोन्ही मधली मूल्ये ० माना. क्रमाने सरासरी घेता ० व ४.५ येतात, मग २.२५ व ५.६२५, नंतर सुमारे २.८१ व ५.९१. खरी उत्तरे ३ व ६ आहेत. प्रत्येक फेरीत चूक चतुर्थांश होते. मोठ्या जाळ्यात ही रीत मंद पडते. तेथे हेस्टेनेस व स्टीफेल यांची १९५२ सालची संयुग्मी प्रवणता पद्धती उपयोगी पडते.

फेऱ्या लवकर थांबविल्यास मात्र हिशेबात नसलेले पाणी निर्माण होते किंवा असलेले नाहीसे होते. म्हणून शेष चूक पुरेशी लहान होईपर्यंत थांबावयाचे नसते. आपण फळ्यावर सोडवितो त्या एकसामयिक समीकरणांचाच हा विस्तार आहे. उत्तर पडताळून पाहण्याची सवय तेथेही तितकीच मोलाची ठरते.